गल्फ स्पेक

माझ्या गाडीचा टॉर्क ३५० न्यूटन मीटर आहे. तुम्ही विचारलेलं नाही, ठाऊक आहे. कुणीच विचारत नाही. शारजाच्या अल नहदातली आमची मराठी बिऱ्हाडं शनिवारी रात्री कुणा एकाकडे जमतात. घरभाडं, शाळांच्या फिया, दिवाळीतलं विमानाचं तिकीट असे दुःखाचे विषय क्रमाने येऊन जातात, आणि मी हातात साबुदाणावड्याची बशी धरून कुणाच्या तोंडून ‘गाडी’ हा शब्द निसटतोय का याची वाट बघत असतो. ‘बैलगाडी’ निघाला तरी चालतो. मग मी सुरू होतो. दोन लिटर, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन आणि ३५० टॉर्क, तोही १,५०० आरपीएमपासून! शेवटच्या वाक्यानंतर मी जरा थांबतो. तिथे टाळ्या पडाव्यात अशी रचना आहे. अजून पडलेल्या नाहीत.

“म्हणजे नक्की काय होतं?” असं एकदा एका वहिनींनी विचारलं. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेला प्रश्न मी वाया कसा घालवीन? टॉर्क म्हणजे चाकाला पीळ देण्याची ताकद, ती कमी फेऱ्यांवरच मिळाली तर पाय ठेवताक्षणी गाडी कशी झेपावते, हे मी दोन्ही हातांनी समजावून सांगितलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग आज यायला उशीर का झाला?”

इत्तिहाद रोड. शारजाहून दुबईला नोकरीला जाणाऱ्याला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. माझी गाडी शून्यापासून १०० चा वेग साडेसहा सेकंदांत गाठते असं कागदावर लिहिलंय आणि कागद खोटं बोलत नसावा. पण शून्य आणि शंभर यांच्या दरम्यान जेवढे आकडे आहेत, त्यांतल्या वीस-बावीसच्या पुढच्यांशी सकाळी माझी गाठ पडत नाही. रस्ता मोकळा मिळालाच तर रडार आहेत. दुबईत पाटीवरच्या आकड्यावर २० ची सूट मिळते, अबूधाबीने तर ती सूटही २०१८ च्या ऑगस्टात काढून टाकली. परवा माझ्या शेजारच्या लेनमध्ये कुठल्याशा कंपनीची मिनीबस होती. मागच्या खिडकीशी एक माणूस काचेला डोकं टेकून झोपला होता. शारजातून तो आणि मी बरोबरीने निघालो आणि बरोबरीनेच दुबईत पोचलो. त्याची झोप झाली होती.

गाडी जर्मन आहे, जुनी घेतलेली आहे. कंपनीचं नाव मी घेणार नाही. एक तर पुढे तिच्या पोटातल्या तक्रारी यायच्या आहेत. दुसरं म्हणजे ज्याच्यावर जीव जडला त्याचं नाव चारचौघांत घेऊ नये, अशी आपल्याकडची रीत. फारच आग्रह झाला तर उखाण्यात घ्यावं. तो उखाणा माझ्या बायकोने रचून ठेवला आहे आणि हळदीकुंकवाला म्हणूनही दाखवला आहे :

“कूलंट गळलं थेंब थेंब, तेल जळलं लिटरभर,
माझ्या सवतीचं नाव घेते, बिल येऊ द्या हातावर.”

हशा पिकला म्हणे. माझ्या ३५० न्यूटन मीटरला जे कधी मिळालं नाही, ते तिने दोन ओळींत वसूल केलं.

टर्बोचं तत्त्व तसं लहान आहे. इंजिन पेट्रोल जाळतं हे अर्धंच खरं. ते जाळतं पेट्रोल आणि हवा, आणि हवा जास्त कोंबता आली तर पेट्रोलही जास्त जाळता येतं. इंजिनातून धूर बाहेर पडतोच आहे, तर त्याच्या वाटेत एक चक्र ठेवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने याचं पेटंट १९०५ सालीच घेतलं. हे चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारू शकतं, पेट्रोल इंजिनात त्याच्यावर आदळणारा धूर साडेनऊशे अंशांपर्यंत जातो, आणि मधला दांडा फिरतो तो तेलाच्या एका पातळ थराच्या भरवशावर. एवढं वाचल्यावर शहाणा माणूस बसचा पास काढतो. मी कर्ज काढलं.

इथे मला थोडं अमेरिकेला जाऊन यायचं आहे. ही गोष्ट मी सुरू केली की बायको “वरणाला फोडणी द्यायची राहिली” म्हणून उठते. मागच्या वेळी तर आम्ही दुसऱ्यांच्या घरी होतो.

साल १९६२. ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची गाडी काढली. त्याच सुमारास शेवरलेची कॉर्व्हेअरही टर्बो घेऊन आली होती, पण तिच्यात गंमत नाही, म्हणून तिला सोडू. जेटफायरचं इंजिन ॲल्युमिनियमचं व्ही-एट, अमेरिकी हिशेबाने २१५ घनइंचाचं, आणि ताकद २१५ अश्वशक्तीची. घनइंचाला एक घोडा! हा आकडा ज्या कुणी पहिल्यांदा शनिवार रात्रीच्या बैठकीत, हातात बशी धरून सांगितला असेल, त्या अनोळखी अमेरिकन गृहस्थाला माझा नमस्कार.

अडचण एकच होती. हवा दाबली की तापते, आणि फार तापली की पेट्रोल ठिणगीची शिस्त न पाळता आपलं आपण पेट घेतं. इंजिनात ठकठक सुरू होते. आज त्यावर लक्ष ठेवायला संगणक असतो. तेव्हा काय करावं? त्यांनी बाटली दिली. ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. नाव ऐकून वाटेल चंद्रावर न्यायचं आहे. आत निम्मं शुद्ध पाणी, निम्मं मिथेनॉल आणि थोडं गंज रोखणारं औषध. टर्बोला जोर चढला की हे तीर्थ थोडं थोडं आत शिंपडलं जायचं आणि ठकठक शमायची. मालकाने करायचं ते एवढंच की टाकी रिकामी होऊ द्यायची नाही.

मालकांनी होऊ दिली. का नाही देणार? पेट्रोल भरा, तेल बघा, टायर बघा, आणि वर हे पाणी? बरं, ही टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःच टर्बोचा गळा आवळायची, म्हणजे रॉकेट विकत घेतलेला माणूस दूध आणायला निघाल्याच्या बेताने ऑफिसला पोचायचा. तो संतापून कंपनीकडे जाणार. कंपनी विचारणार, बाटली भरली होती का? हा म्हणणार, कसली बाटली? अखेर कंपनीने तोडगा काढला, की ज्याला नको असेल त्याने गाडी आणावी, आम्ही टर्बो काढून घेऊन साधा कार्ब्युरेटर बसवून देऊ. मला या प्रसंगाचा विचार करवत नाही. माणसाचा अभिमान चार बोल्ट सोडवून बाहेर काढला, ट्रेमध्ये ठेवला आणि बॉनेट लावून त्याला घरी पाठवलं. तो संध्याकाळी बायकोला फिरवून आणतो. ती म्हणते, “आता बरी चालते.”

त्या ॲल्युमिनियमच्या इंजिनाचं सख्खं भावंड, ब्यूकचं, पुढे इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने घेतलं, आणि टर्बोविना, बाटलीविना ते १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये बसून सुखाने जगभर फिरलं.

अजून एक, मग परत येतो. सप्टेंबर १९७३, फ्रँकफर्टचं वाहन प्रदर्शन. बीएमडब्ल्यूने ‘२००२ टर्बो’ मांडली, १७० अश्वशक्तीची. तिच्या नाकाखालच्या पट्टीवर ‘टर्बो’ ही अक्षरं उलटी रंगवलेली होती. पुढच्या गाडीवाल्याला ती आरशात सुलटी दिसावीत आणि त्याने समजून बाजूला व्हावं, असा हेतू. गर्वाचं इतकं सरळ यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यावर एवढा गहजब झाला की ती अक्षरं काढून टाकावी लागली. आणि पुढच्याच महिन्यात अरब देशांनी तेल तोडलं. त्यात अबूधाबी आघाडीवर होतं. संयुक्त अरब अमिरातीला जन्मून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. २००२ टर्बो १,६७२ गाड्यांवर आटोपली. ज्या मुलखाने तेव्हा नळ बंद केला, त्याच मुलखातल्या पंपावर मी आज ऐटीत “सुपर ९८, फुल” म्हणतो. टाकीच्या झाकणाच्या आत ‘किमान ९५’ असं लिहिलेलं आहे. ते मी पंपावरच्या पोराला दिसू देत नाही. २०१५ च्या ऑगस्टात सरकारने पेट्रोलचे भाव मोकळे सोडले तेव्हा ९५ चं पेट्रोल २ दिरहम १४ फिल्स होतं. तेव्हापासून दर महिनाअखेर पुढच्या महिन्याचा भाव जाहीर होतो. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीतले सगळे गाडीवाले रांगेत टाकी भरायला जातात आणि भाव उतरल्याचं त्यांना तिथे कळतं.

तर, गाडी घेताना मी एकाच गोष्टीवर अडून बसलो होतो. गल्फ स्पेक. इथल्या जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत हा शब्द मॉडेलच्या आधी येतो. या भागासाठी बनलेल्या गाडीला बहुधा मोठा रेडिएटर, दमदार एसी आणि धुळीचा बंदोबस्त असतो. तिच्यासमोर उभी असते अमेरिकन स्पेक. तिकडे आपटलेली, लिलावात घेतलेली, बोटीने आणून शारजात ठोकून सरळ केलेली, आणि म्हणून स्वस्त. शिवाय १६ एप्रिल २०२४ चा पाऊस होऊन गेलेला. अल ऐनजवळच्या खतम अल शकलात चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. त्यात गळ्यापर्यंत उभ्या राहिलेल्या गाड्याही पुढे नटूनथटून बाजारात आल्या. त्यामुळे मी आधी सीटखालचा गालिचा हुंगला. मालक बघत होता. मी चारही सीटखाली जाऊन हुंगला. तुम्ही इंजिन बघत नाही का, असं त्याने विचारलं. बघितलं असतं, पण बॉनेट उघडायची खिटी कुठे आहे हे विचारायचं कसं?

बाकी उन्हाबद्दल मला कुणी शिकवू नये. मी चंद्रपूरचा. ४७-४८ अंशांचे आकडे आम्ही अंगाखांद्यावर खेळवलेले आहेत आणि पुण्यामुंबईच्या माणसांपुढे ते फेकण्यात आमची उमेद गेली आहे. मात्र २०२५ च्या १ ऑगस्टला अबूधाबीतल्या स्वैहानला ५१.८ अंश नोंदले गेले, तेव्हा चंद्रपूरकर म्हणून मला जरा ओशाळायला झालं.

अशा हवेत टर्बोचं काय होतं ते सांगतो. दाबलेली हवा शंभर अंशांच्या वर तापते, म्हणून इंजिनात शिरण्याआधी तिला निववायला पुढे इंटरकूलर बसवलेला असतो. तो बाहेरच्या वाऱ्यावर निवतो. बाहेरचा वाराच पन्नासचा असला, तर मे महिन्यात टाकीतलं पाणी संपल्यावर आमचा चंद्रपूरचा कूलर जे करायचा, तेच हाही करतो : गरम हवा, जोरात. मग संगणक ठिणगी उशिरा पाडतो, टर्बोचा दाब उतरवतो आणि माझे काही घोडे गुपचूप बाजूला काढून ठेवतो. किती, ते डॅशबोर्डवर दिसत नाही. जर्मन माणूस सभ्य. म्हणजे जून ते सप्टेंबर मी लोकांना जे आकडे सांगतो, ते हिवाळ्याचे असतात.

आणि ज्या १,५०० आरपीएमचा मी एवढा डंका पिटतो, भीतीची जागा नेमकी तीच. कमी फेऱ्यांवर जोरात पाय दाबला की या इंजिनांत तेल-पेट्रोलचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेटतो आणि पिस्टनसुद्धा तडकू शकतो. त्यासाठी तेलाचं सूत्रच बदलावं लागलं. २०१८ साली एपीआय एसएन प्लस, २०२० साली एसपी. मी एसपीच घालतो. हे सांगायला योग्य क्षण बैठकीत अजून सापडलेला नाही.

आजार मोठ्यांच्या घरीही आहेत, या वाचनाने मला मोठा धीर येतो. बीएमडब्ल्यूच्या एन-५४ इंजिनाला २००७ आणि २००८, दोन्ही वर्षी ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ मिळालं. २०१० साली त्याच्याच उच्चदाबाच्या पेट्रोल पंपापायी अमेरिकेत गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट, ज्याचा ठोकळा ए-फोर कागदावर मावतो, ते २०१२ पासून सलग तीनदा पहिलं आलं. मग त्याचा तेलात भिजत फिरणारा टायमिंग बेल्ट झिजून त्याचा चुरा तेलाच्या जाळीत अडकू लागला. दृष्ट लागते, दुसरं काय. होंडाच्या दीड लिटर टर्बोत कडाक्याच्या थंडीत पेट्रोल तेलात उतरतं, असा बोभाटा चीनमध्ये २०१८ च्या सुमारास झाला. या एका आजाराच्या बाबतीत मी शारजात छाती पुढे काढून हिंडतो.

माझ्या गाडीने बाकीचे केले. कूलंटचं आधी उरकतो. थर्मोस्टॅटची पेटी प्लॅस्टिकची असते, तापून-निवून तिला चीर जाते, कूलंट गळतं, सुई वर जाते, आणि आपण रिकव्हरीवाल्याच्या केबिनमध्ये बसून मागे दोरांनी जखडलेल्या आपल्या २०० घोड्यांकडे आरशात बघतो. तेलाचंही थोडक्यात. ती तेल पिते. मालकाच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचं पिणं सर्वसामान्य मानलंय. एवढी समजूतदार पुस्तिका नवऱ्यांसाठी कुणी लिहिलेली नाही.

पण अक्रोडाचं प्रकरण सविस्तर सांगायला हवं. सकाळी सुरू करताना गाडी थरथरू लागली, म्हणून तिला इंडस्ट्रियल एरियात इक्कांकडे नेली. इक्का, म्हणजे मल्याळीत दादा, मलप्पुरमचे, पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज, वय माझ्याहून बरंच पुढे. त्यांनी इंजिनात कॅमेऱ्याची नळी घालून व्हॉल्व्हचा फोटो काढला आणि मला मोबाइल दिला. काळं काहीतरी होतं. मी तज्ज्ञासारखी मान हलवली.

“अक्रोट मारना पडेगा, सार.”

गॅरेजात मला न कळलेला शब्द आला की मी तो परत उच्चारून बघतो. “अक्रोट,” मी म्हटलं.

“हां सार. फुल.”

पूर्वी पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जायचं, जाता जाता ते धुऊन निघायचे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात उतरतं, व्हॉल्व्हना जन्मात आंघोळ नाही. त्यात इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ त्याच वाटेने फिरवलेली, ती भाजून भाजून त्यांच्यावर काजळीची पुटं चढतात. ती काढायची तर वरची नळ्यांची जोडणी उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भरडा हवेच्या दाबाने मारायचा. अक्रोडाचंच टरफल का, तर ते काजळीला भारी पडतं आणि धातूला ओरखडा काढत नाही. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे फक्त दुबईच्या देरा बाजारातली सुक्या मेव्याची पोती आणि त्यांवरचे भाव आले.

त्यानंतरच्या रविवारी आईचा चंद्रपूरहून फोन. अक्रोडांवर तिची फार श्रद्धा.

“अक्रोड खाते का नाही बाबू?”

“या महिन्यात बरेच लागले,” मी खरं तेच सांगितलं.

“मंग? डोकं चालू लागलं?”

“सकाळी एका दमात सुरू होतं आता.”

आईला इतकं समाधान माझ्या कुठल्याच निकालाने झालं नव्हतं.

एका ऑगस्टात भर दुपारी मी इक्कांच्या गॅरेजात उभा होतो. इक्कांनी गाडी चालवून आणली, शेडमध्ये लावली, बंद केली. किल्ली त्यांच्या हातात, तरी बॉनेटखाली गुणगुण चालूच. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. “टर्बो का पानी घूमता है सार, ठंडा करने को.” इंजिन थांबलं तरी टर्बो धगधगत असतो. त्यातलं तेल करपून जाऊ नये म्हणून काही मिनिटं एक छोटा विजेचा पंप आपला आपण पाणी खेळवत राहतो. बंद पडलेल्या यंत्राचीसुद्धा कुणीतरी इतकी काळजी केली होती. इक्का त्याच बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले होते. सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावरचं पाणी गरम लोखंडावर पडून चुरचुरत होतं. कोपऱ्यात सिवानकडचा एक पोरगा टायर खोलत होता. दोघांत मिळून उभा पंखा एक, आणि तो इक्कांनी माझ्याकडे वळवून ठेवला होता.

इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर, थेट उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. चांगला नियम आहे. पत्र्याखाली ऊन थेट नसतं. गाडी या देशात पाठवायची तर रेडिएटर मोठा बसवून पाठवतात. इक्का मलप्पुरमहून आले, पोरगा सिवानहून आला, त्यांना कुणी काय मोठं बसवून दिलं? मीही चंद्रपूरचाच माल, पण मला ऑफिसात २१ अंशांत ठेवलेलं आहे. माझी कसोटी पार्किंगपासून लिफ्टपर्यंत, आणि उन्हाच्या गप्पा मात्र माझ्याच तोंडी. सिग्नलला शेजारी डिलिव्हरीवाला उभा असतो, हेल्मेटमध्ये डोकं, पाठीवर कुणाची तरी बिर्याणी. त्यांच्यासाठी दुबईत रस्तोरस्ती एसी विसाव्याच्या खोल्या बांधल्या गेल्या, ते बरंच झालं. पण माझा एसी आणि माझा इंटरकूलर जी धग बाहेर फेकतात ती जाते कुठे, हा साधा प्रश्न एवढं इंजिनशास्त्र पाठ असून मला पडला नव्हता. ती त्याच्या पायांवर जाते.

“सार, इधर मत खडे रहो, गरमी है,” इक्का बॉनेटमधूनच म्हणाले. “ऑफिस में एसी है, बैठो.”

मी बसलो.

काचेतून त्यांची स्वतःची गाडी दिसत होती. जुनी जपानी, १.८ लिटर, टर्बोबिर्बो काही नाही, काट्यावर चार लाख किलोमीटर उलटलेले. चहा आला तेव्हा मी विचारलं, “इक्का, तुम्ही का नाही टर्बो घेत? तुम्हाला तर दुरुस्ती फुकट.”

“रात को नींद मंगता ना, सार.”

त्या दिवशीचं बिल माझ्यापेक्षा बायकोने जास्त वेळ वाचलं. तिने काही म्हटलं नाही, उखाणाही नाही. म्हणून मी आपणहून विक्रीची जाहिरात टाकली. मजकुरावर रात्रभर खपलो. दोन लिटर, सोळा व्हॉल्व्ह, ३५० टॉर्क, गल्फ स्पेक, अक्रोड नुकतेच मारलेले. ऑगस्टात फोन नाही. सप्टेंबरात एकाचा आला. त्याने तेल किती पिते एवढंच विचारलं. मी पुस्तिकेतला उतारा वाचून दाखवू लागलो, तोवर त्याने फोन ठेवला होता.

आणि मग नोव्हेंबर उजाडला. पहाटे वीसच्या आसपास तापमान, हवा गार आणि दाट. दाट हवेत दम जास्त. इंटरकूलरचं काम सोपं होतं, संगणक ठिणगी पुन्हा जागेवर आणतो आणि उन्हाळाभर कुठेतरी बांधून ठेवलेले घोडे सगळेच्या सगळे परत येतात. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही रास अल खैमाला जेबेल जैसवर गेलो. १,९३४ मीटरचा डोंगर, रस्ता असा घोटलेला की आमच्या ताडोब्याच्या फाट्यावरचं डांबर आठवून गलबलून यावं. वळणातून बाहेर पडताना मी पाय ठेवला. १,५०० आरपीएम. सीटने पाठीला धक्का दिला, पुढची मिनीबस मागची झाली. तिच्यात कुणी झोपलेलं नव्हतं, मी नीट बघितलं. बायको दारावरची मूठ धरून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आज बरी चालते.”

घरी येऊन कपडेही बदलले नव्हते तोच फोन वाजला. अल ऐनहून कुणी गृहस्थ, फार नम्र. जाहिरात त्यांनी पूर्ण वाचली होती, टॉर्कसुद्धा त्यांना माहीत होता. उद्याच रोख पैसे घेऊन येतो म्हणाले.

“सॉरी भाईसाब,” मी म्हटलं, “गाडी बिक गयी.”

आतून बायकोचा आवाज आला, “कितीला?”